बॅकअप मोजणं मी सोडून दिलं

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचं पहिलं काम म्हणजे बॅकअप घेणं; बॅकअप जितके जास्त आणि जितके ताजे, तितकी संस्था सुरक्षित, असं माझं ठाम मत होतं. ते मी अनेकांना पटवूनही दिलं होतं. आज ते माझं मत राहिलेलं नाही. बॅकअप घेणं ही फक्त पूर्वतयारी आहे, असं मला आता वाटतं. गेलेलं परत उभं करणं, ते ठरलेल्या वेळात करणं, आणि उभं राहिलेलं जुन्याशी पैशापैशाने जुळतं हे तपासून दाखवणं, हे खरं काम. मत कसं बदललं ते मोकळेपणाने सांगावंसं वाटतं, कारण माझं जुनं मत आजही पुष्कळ जणांचं आहे आणि ते ऐकायला फार बरं वाटतं.

मी हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात राहतो. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर आणि तिच्या शाखांची जोडणी मी सांभाळतो. सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शहरातल्या काचेच्या इमारती येतात. आमचा सर्व्हर एका लहान खोलीत, यूपीएस आणि इन्व्हर्टरच्या शेजारी असतो. पण त्यावर जे आहे ते कुणाला कमी वाटू नये. हळद विकून आलेल्या पैशाची मुदत ठेव, पिग्मी एजंटाने दुकानोदुकानी फिरून जमवलेली रोजची रक्कम, बचत गटातल्या बायकांनी महिन्याच्या महिन्याला भरलेले शंभर-दोनशे रुपये, पेरणीच्या तोंडावर सोनं तारण ठेवून उचललेलं कर्ज. यातली एक नोंद हरवली तर कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा पुरावा हरवतो.

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ आहे. सातबाऱ्यासाठी, पीक विम्यासाठी, रेशनवर अंगठा लावताना, सगळीकडे ते ऐकू येतं. लोक कुरकुरतात आणि परत जातात. आज बंद पडलेलं उद्या सुरू होणार, आपली नोंद जिथे होती तिथेच असणार, हे ते धरूनच चालतात. 1 मे 2018 ला राज्यात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला, तलाठ्याच्या हातचे उतारे मागे पडले, आणि असं धरून चालण्यावाचून लोकांना दुसरा मार्गही उरला नाही. ‘उद्या या’ हे खिडकीवरचा कारकून म्हणतो. ते खरं करून दाखवण्याची जबाबदारी मागे बसलेल्या माझ्यासारख्याची असते. उद्या आलेल्या माणसाला त्याची नोंद दिसणार आहे का, या प्रश्नाचं उत्तर बॅकअपच्या संख्येत नसतं, हे समजायला मला वेळ लागला.

जुनं मत उगाच आलेलं नव्हतं. दिवसाचं कामकाज संपून डे-एंड झाला की डेटाबेसचा पूर्ण बॅकअप, दिवसभर ठरावीक अंतराने लॉगचे, म्हणजे बदलांच्या नोंदींचे, बॅकअप, दुसऱ्या शाखेतल्या मशीनवर जशीच्या तशी प्रतिकृती, आणि रात्री एक प्रत क्लाउडवर, अशी मांडणी होती. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला 3-2-1 चा नियम आम्ही पाळत होतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर. सकाळी मोबाइलवर अहवाल यायचा आणि प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण दिसायची. मग संस्थेतल्या दोन जुन्या पद्धती मला निव्वळ ओझं वाटायच्या. एक, रोज संध्याकाळी रोजकीर्द आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा, छापून त्यावर लेखापालांनी सही करायची. दुसरी, आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढून, वायर सोडवून ती तिजोरीत ठेवायची. या दोन्ही बंद कराव्यात, असं मी सुचवलं होतं.

त्या सूचनेवर आमच्या लेखापाल काकांनी मला एकच प्रश्न विचारला. “यातून आपली तेरीज परत निघते का?”

मी म्हणालो, “काका, सॉफ्टवेअर रोज पडताळणी करतं.”

“सॉफ्टवेअरचं राहू दे. तू काढून बघितलीस का? घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवतो तेव्हा पोती मोजून पेरतो का आपण?”

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे जास्त समजवावं लागत नाही. मे महिन्यात घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळून ठेवायचे, चार-पाच दिवसांनी मोड मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर दुसरं आणायचं. सोयाबीनचं साल पातळ असतं. पोतं आपटलं तरी आतला कोंब मरतो, आणि दाणा बाहेरून तसाच टपोरा दिसतो. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या. विकतच्या, शिक्का मारलेल्या पिशव्यांबद्दलच्याही त्यात होत्या, आणि औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. काकांचा मुद्दा साधा होता. पोत्यांची थप्पी कितीही उंच असो, उगवण तपासल्याशिवाय तिचा भरवसा धरता येत नाही.

तरी माझं मत एका प्रश्नाने फिरलं नाही. मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता माझ्या मांडणीचा एकेक आधार सुटत गेला.

पहिला आधार संख्येचा. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीत रात्री काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच डेटाबेसची फोल्डर पुसायला घेतली. थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. कंपनीकडे बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या. वेळेला एकही भरवशाने चालली नाही. रोजचा बॅकअप काढणारं साधन डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणारं होतं, त्यामुळे तो निघतच नव्हता. तो निघत नाही हे सांगणारे ईमेलही पोचण्याआधीच नाकारले जात होते. क्लाउडवरची प्रतींची जागा रिकामी होती. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी हाताने काढून ठेवलेली एक प्रत होती, तिच्यावर सगळं उभं राहिलं. कंपनीने यातलं काही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम लोकांना थेट पाहू दिलं आणि कारणं सविस्तर लिहून काढली, याचं मला आजही कौतुक वाटतं. मला त्यातून दिसलं ते असं की अपयशाची बातमी येण्याचा रस्ताच बंद असेल तर शांततेचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा लावता येत नाही.

दुसरा आधार प्रतिकृतीचा. 27 जून 2017 ला नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. आपल्या न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल त्या दिवशी ठप्प झालं, कंटेनर अडकून पडले. मर्स्ककडे जगभर मिळून दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर होते, म्हणजे कोण कर्मचारी आणि त्याला कशाची परवानगी हे ठरवणारे सर्व्हर. ते सगळे एकमेकांशी सतत जुळवलेले. एक गेला तर दुसरा आहेच, हा हिशेब. पण एकाच वेळी सगळे जातील, हे त्यात धरलेलं नव्हतं. सगळे गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्याची डिस्क विमानाने इंग्लंडला नेऊन कंपनीने सगळं पुन्हा बांधलं: 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक, दहा दिवसांत.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबलो. लोडशेडिंगला मी कायम शत्रू मानत आलो. आणि जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीला वाचवलं ते, वीज गेल्याने नेमक्या वेळी तुटलेल्या एका जोडणीने. प्रतिकृती चांगलं तितकंच वाईटही तत्परतेने पुढे पोचवते. मुख्य सर्व्हरवर नोंद पुसली की क्षणात ती दुसरीकडेही पुसली जाते. तिजोरीतली, वायर सोडवलेली हार्ड डिस्क मी बंद करायला निघालो होतो. आमच्या सगळ्या मांडणीत खरोखर वेगळी असलेली प्रत तीच होती.

नंतरच्या घटनांनी हेच पक्कं केलं. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हरवरचा सुमारे 1.3 टीबी डेटा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला. ई-हॉस्पिटलचा डेटा परत आला तो हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून, हे सरकारने संसदेत सांगितलं. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीला सायबर हल्ल्याचा फटका बसला आणि देशातल्या सुमारे 300 लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार काही काळ थांबले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या, म्हणजे आमच्यासारख्या लोकांच्या बँका. 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीपासून आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा 858 टीबीचा साठा त्यात गेला, कारण आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. महाराष्ट्राला हे परकं नाही. 21 जून 2012 च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले तेव्हा कागदाच्या फाइली गेल्या आणि त्यांची दुसरी प्रत कुठे आहे, हा प्रश्न सगळ्या राज्यासमोर आला. कागद असो की डिस्क, एकाच छताखाली असलेली गोष्ट एकाच वेळी जाते.

शेवटी आम्ही बॅकअपवरून सगळं परत उभं करून पाहायची तालीम करायचं ठरवलं. नेटवर्कपासून पूर्ण तोडलेला एक वेगळा संगणक घेतला. तोडणं महत्त्वाचं असतं. नाहीतर जागी झालेली जुनी प्रत ठेवीदारांना खरे एसएमएस पाठवायला लागते. त्यावर आधी पूर्ण बॅकअप, मग एकामागून एक लॉगच्या फाइली लावल्या. ही साखळी असते, मधली एक फाइल नसेल तर तिच्यापुढचं काहीच लागत नाही. डेटाबेस उभा राहिला. सॉफ्टवेअरची ‘पडताळणी’ फाइल पूर्ण आहे आणि वाचता येते एवढंच सांगते. आतली रचना शाबूत आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. ते तपासलं. मग काकांनी त्या दिवसाची छापील, सही केलेली तेरीज समोर ठेवली आणि ठेवी, कर्ज, रोख शिल्लक, शाखावार एकेक आकडा जुळवला. ज्या कागदाला मी ओझं म्हणत होतो, तोच त्या खोलीतला एकमेव स्वतंत्र साक्षीदार होता. परत आलेला डेटा बरोबर आहे हे त्याच डेटाला विचारून कसं कळणार?

आकडे जुळले, पण पतसंस्था उभी राहिली नव्हती. ठेवीदारांचे फोटो आणि नमुना सह्या डेटाबेसच्या बाहेर, एका वेगळ्या फोल्डरमध्ये असतात; त्या रोजच्या प्रतीत नव्हत्या. सही जुळवल्याशिवाय कारकून पैसे कसे देणार? सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या मशीनला बांधलेला होता, तो नव्या मशीनवर हलवायला पुरवठादाराचा होकार लागत होता. क्लाउडवरची प्रत उतरवायला लागणारा वेळ तर कुणी मोजलेलाच नव्हता. रोज रात्री फक्त बदल तेवढे वर जातात, म्हणून काम झटपट होतं असं वाटतं; संकटात मात्र सगळं एकदम खाली आणायचं असतं, तेही गोरेगावच्या इंटरनेटवर. यातली एकही गोष्ट सकाळच्या अहवालात दिसत नव्हती आणि कधी दिसलीही नसती. ती फक्त करून पाहणाऱ्यालाच दिसते.

तेव्हापासून मी दोन प्रश्नांनी सुरुवात करतो, आणि ते संचालकांना विचारतो, कारण उत्तर द्यायचा अधिकार त्यांचा आहे. किती वेळाच्या नोंदी गेल्या तर संस्था त्या पुन्हा गोळा करू शकेल? आणि किती वेळ खिडकी बंद राहिली तर लोक धीर धरतील? पिग्मीची एका दिवसाची वसुली एजंटाच्या पावत्यांवरून पुन्हा भरता येते; आठवड्याची भरताना भांडणं होतात. जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत, खिडकी तीन दिवस बंद ठेवणं म्हणजे माणसाला सावकाराच्या दारात पाठवणं. ही उत्तरं आली की किती प्रती, कुठे, किती अंतराने, हे आपोआप ठरतं. मी आधी उलट्या टोकापासून चाललो होतो.

हे सगळं संगणकासोबत आलेलं नवं शहाणपण आहे असंही मला आता वाटत नाही. आमच्याच मराठवाड्यात, पैठणला, एकनाथ महाराजांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ 1290 चा. मधल्या जवळपास तीनशे वर्षांत प्रती भरपूर झाल्या होत्या, प्रतींचा तुटवडा ही अडचण नव्हतीच. हातोहात नकलताना शिरलेले अपपाठ ही अडचण होती. नाथांनी अनेक प्रती ताडून पाहिल्या, पाठ ठरवला, आणि पुढे कुणी त्यात स्वतःच्या ओव्या मिसळू नयेत अशी ताकीद दिली. मला हे वाचताना आमच्या कामाचे तीन नियमच दिसले: ताडून पाहा, खरं काय ते ठरवा, आणि ठरलेल्या प्रतीत फेरफार होऊ देऊ नका. आज आम्ही बॅकअप लिहिणाऱ्या खात्याला बॅकअप पुसण्याचा अधिकार देत नाही, त्यामागे हीच ताकीद आहे.

दुसरा धडा महानुभावांचा. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. ग्रंथ टिकले, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते शतकानुशतकं वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीची किल्ली उलगडली तेव्हा मराठी गद्याचा एवढा मोठा ठेवा अभ्यासकांपुढे खुला झाला. आम्हीही बॅकअप कुलूपबंद करून ठेवतो, आणि ते योग्यच आहे, लोकांची माहिती उघडी पडता कामा नये. पण किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात किंवा त्याच सर्व्हरवर असेल तर ती प्रत असून नसल्यासारखी. आमच्याकडे आता पासवर्ड आणि किल्ल्या सीलबंद पाकिटात, दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीने तिजोरीत असतात.

या बदललेल्या मताविरुद्ध बोलणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं मी टाळत नाही. लहान संस्थेला वेगळा संगणक, तालमीचा दिवस, दोन माणसं हे परवडत नाही, असं ते म्हणतात. अडचण खरी आहे. पण तालमीसाठी महागडा सर्व्हर लागत नाही. शाखेतून काढलेला जुना संगणक, पुरेशी मोठी डिस्क आणि सुट्टीचा दिवस एवढ्यावर भागतं. दरवेळी सगळंच उभं करायला हवं असंही नाही. एखाद्या तिमाहीत एकच शाखा, एखाद्या तिमाहीत फक्त मागच्या वर्षीची एक प्रत उघडून बघायची. जुन्या प्रती उघडून पाहणं गरजेचंच असतं, कारण डिस्कवरचा डेटा पडून पडूनही खराब होतो. काही बाबतीत माझं मत आहे तसंच आहे. क्लाउड हवाच, आपोआप चालणारे बॅकअप हवेत, हाताने रोज प्रती काढण्याच्या भरवशावर कुठलीही संस्था राहू नये. फक्त त्या हिरव्या खुणेकडे मी आता ‘बॅकअप सुरू झाला आणि संपला’ एवढ्याच अर्थाने पाहतो.

माणसांबद्दलचं माझं मत सर्वांत जास्त बदललं. पूर्वी ही सगळी माहिती माझ्याकडे असणं ही मला कामातली हुशारी वाटायची. आता कृतीचा कागद मी लिहितो आणि तालीम दुसरा माणूस करतो. मी शेजारी बसतो आणि बोलत नाही. तो जिथे अडतो तिथे कागदात ओळ वाढते. कोणता सर्व्हर आधी, कोणता नंतर, कुणाला फोन करायचा, कोणता आकडा कोणत्या कागदाशी जुळवायचा, हे कागद वाचून माझ्याशिवाय पार पडलं तरच संस्था माझ्या हाती सुरक्षित आहे असं मी मानतो. माझ्या घरी लग्न असेल, मी नांदेडच्या दवाखान्यात असेन, त्या दिवशीही बचत गटाच्या बाईला तिची शिल्लक दिसली पाहिजे.

31 मार्च हा जगभर बॅकअप दिवस म्हणून पाळला जातो आणि तोच आपल्याकडे हिशेबाच्या वर्षाचा शेवटचा दिवस आहे. त्यानंतर काही महिन्यांत गावोगावच्या पतसंस्था, सोसायट्या, दूध संघ यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा भरतात. तिथे सभासद लाभांश किती, थकबाकी किती, नफा किती हे विचारतात. त्यात एक प्रश्न वाढवा, ही माझी हात जोडून विनंती आहे: “आपला सगळा डेटा शेवटचा परत उभा करून कधी पाहिला, आणि तेरीज जुळली का?” हा प्रश्न विचारायला संगणक शिकावा लागत नाही. उत्तरात तारीख आणि सही मागा, बॅकअपची संख्या ऐकून खाली बसू नका. मला कुणी हा प्रश्न विचारला तर मी आता अहवाल दाखवत नाही. तालमीची वही उघडतो.